आग्रा रोडचे मैलाचे दगड : धुळे ते सावळदे, शोधाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

कामाची हद्द आधी आखून घेतली. धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर, मग नगावबारी, नगाव, देवभाने, सरवड, सोनगीर, नरडाणा आणि शेवटी तापीकाठचं सावळदे. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याचा हा तुकडा. सरकारी कागदात तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ३ होता, २०१० च्या फेरक्रमांकात ५२ झाला. धुळेकरांसाठी आग्रा रोड तो आग्रा रोडच. या पट्ट्यात इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड कुठे आणि कोणत्या अवस्थेत उरलेत ते शोधायचं, जसे आहेत तसे नोंदवायचं. उचलायचे नाहीत, घासायचे नाहीत, रंगवायचे तर मुळीच नाहीत.

आजचा दिवस कागदांवर गेला. १८८० चं खानदेश गॅझेटियर चाळलं. त्यात रस्ते, टोलनाके, नदीवरच्या नावा यांबद्दल बरंच काही आहे. मैलाच्या दगडांची यादी नाही. खरं काम झालं ते सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, मैलाला इंच या प्रमाणाच्या नकाशांवर. धुळ्यासाठी ४६ एल/१३, सोनगीर-नरडाण्यासाठी ४६ के/१६, शिरपूरकडच्या बाजूला ४६ के/१५. या नकाशांवर पक्क्या रस्त्याच्या कडेने मैलाच्या दगडांचे बारीक आकडे छापलेले असतात. नंतरचे पन्नास हजारी मेट्रिक नकाशे या कामाचे नाहीत, त्यांत सगळा हिशेब किलोमीटरचा. अमेरिकी लष्कराचे अडीच लाखी नकाशे फुकट उतरवता येतात, तेही पाहिले. रस्त्याचा ढोबळ मार्ग कळतो, दगड नाहीत.

स्कॅन मोबाइलच्या नकाशावर बसवले आणि आकडा दिसेल तिथे टिंब दिलं. प्रिंट काढायला १८० रुपये.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल मतमोजणी झाली; नगावपर्यंत रस्त्यावर गुलालच गुलाल. मोटारसायकलने देवपूर ते सोनगीर, प्रत्येक टिंबापाशी थांबत गेलो. हाती काही नाही. एक टिंब कपाशीत, एक विहिरीच्या तोंडावर, एक पेट्रोल पंपाच्या मागच्या भिंतीत. रस्त्यावर एकही नाही. सगळी टिंबं एकाच अंगाला आणि जवळपास सारखीच सरकलेली, हे मात्र लक्षात राहिलं.

रात्री उलगडा झाला. जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, एव्हरेस्टच्या लंबगोलावर, बेतलेले; मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. आपल्या भागात या दोन्हींत सुमारे शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. नकाशाच्या कोपऱ्यावर छापलेले अक्षांश-रेखांश सरळ टाकले, की अख्खा नकाशा तेवढा सरकून बसतो.

कोपऱ्यांचा नाद सोडला. नकाशावर आणि उपग्रहाच्या चित्रात, दोन्हीकडे ओळखता येतील अशा न हलणाऱ्या खुणा घेतल्या: सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी, नरडाण्याचं रेल्वे स्टेशन, दोन नाल्यांचे संगम, टेकड्यांचे माथे. त्यांवर नकाशा ताणून बसवला तेव्हा रस्ता रस्त्यावर आला. कोणी हे करणार असेल तर गावठाणाची कड खूण म्हणून धरू नये, ती दर दहा वर्षांनी वेगळी असते. नदीचं पात्रही नको.

१ डिसेंबर, रविवार

बांधकाम खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले एक आप्पा देवपुरात राहतात. त्यांचे वडील याच रस्त्यावर मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर. त्यांच्या ओट्यावर तीन कप चहा झाला आणि नकाशांवरच्या आठवडाभराच्या कामापेक्षा जास्त पदरात पडलं.

१९५६ चा वजनमापांचा कायदा आला, पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले. आप्पा तेव्हा लहान. वडिलांकडून ऐकलेलं ते सांगतात. जुने दगड काढा म्हणून वरून निरोप आला, पण घडीव काळा दगड टाकून देतो कोण? काही मोरीच्या कठड्यात गेले, काही भरावाच्या उतारावरच्या दगडी पिचिंगमध्ये, काही गँगच्या चौकीला पायरी म्हणून. काही गावकऱ्यांनी नेले आणि कोणी विचारलं नाही. काही तसेच उलटे करून गाडले आणि वर आलेल्या बुडावर किलोमीटर रंगवला. "आणि जो आडवा येत नव्हता, तो काढायला कोण जातंय? हजेरी लागली की झालं."

मग मी नकाशा पुढे केला. आप्पांनी तो बघितलाही नाही नीट. "भाऊ, तुम्ही ज्या रोडवर शोधताय ना, तो हा रोडच नाही."

म्हणणं असं: रस्ता रुंद झाला तेव्हा एका बाजूला सरकला. वळणं सरळ केली तेव्हा जुनी वळणं बाजूला पडली. चौपदरी झाला तेव्हा साइडपट्टी, झाडं, दगड सगळं साफ झालं. आज जिथे डांबर आहे तिथे दगड मिळण्याची आशा जवळजवळ नाही. रस्त्याने जिथून अंग काढून घेतलं तिथे मात्र आहे. अशी जागा ओळखायची कशी, तेही त्यांनीच सांगितलं. दुतर्फा निंबाची किंवा वडाची म्हातारी झाडं एका रेषेत उभी. नाल्यावर चुन्यातली दगडी कमानीची मोरी. आणि आजूबाजूच्या वावरांपेक्षा हात-दीड हात उंच चाललेली, कुठेच न पोचणारी गाडवाट.

मोबाइलमधली महामार्गावरची टिंबं पुसली. आता जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवून फक्त दोन रेषा फाटतात तेवढे तुकडे निवडायचे. धुळे ते सोनगीर असे थोडेच निघाले, हे बरंच झालं.

१४ डिसेंबर, शनिवार

एक तुकडा पायी पाहिला, नगावच्या अलीकडचा. दगड भरपूर, मैलाचा एकही नाही. पण काय वगळायचं ते आज पक्कं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

महामार्गाच्या हद्दीचे दगड सिमेंटचे असतात, चौकोनी, आणि रस्त्यापासून ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना. मोजणी खात्याचे दगड शेताच्या कोपऱ्यावर असतात, त्यांवर माथ्याला फुली किंवा बाणाची खूण, बाजूला काही नाही. केबलवाल्यांचे खांब अलीकडचे, रंगावरून लगेच कळतात. फसवतात ते पाटाचे दगड. पांझरेच्या खोऱ्यात फडाचे, म्हणजे सामूहिक सिंचनाचे, जुने पाट आहेत, धरणांचे नवे कालवेही आहेत, आणि कालव्यालाही अंतराचे दगड लावतात. आकडा दिसला की जीव हरखतो, पण आजूबाजूला पाहिलं की पाटाचा बांध. वनखात्याचे हद्दीचे दगडही आकड्यांचे, ते टेकडीच्या पायथ्याशी.

मैलाच्या दगडाला दोन तोंडं हवीत, येणाऱ्याला एक आणि जाणाऱ्याला एक, किंवा सपाट दर्शनी बाजू रस्त्याकडे. वरचा भाग घडीव, खालचा तिसरा हिस्सा ओबडधोबड, कारण तो जमिनीत जायचा. उभा दगड असेल तर हे बूड दिसत नाही. पडलेला असेल तर सगळ्यात आधी बूडच बघावं.

गाजरगवत अजून हिरवं आहे. खरं तर हे काम संक्रांतीनंतरचं. गवत वाळतं, कपाशी निघते आणि बांध उघडे पडतात.

२२ डिसेंबर, रविवार

पहिला दगड. नगावच्या पुढे, महामार्गापासून चांगलं आत, एका विहिरीजवळच्या निंबाखाली. शेंदराचे इतके थर की कडा गोल झाल्यात. पुढे नारळाच्या करवंट्या, लिंबू, जुना तेलाचा दिवा. घाट मात्र देवाचा नव्हता. डोकं अर्धगोल, दोन्ही बाजू सरळ तासलेल्या, पाठ सपाट.

शेजारच्या वावरात एक आजी मिरच्या तोडत होत्या. मी विचारलं, हा दगड कधीपासून आहे इथे. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दगड नका म्हनू भाऊ. देव शे तो."

चपला काढल्या, हात जोडले, मग परवानगी मागितली. शेंदराला हात लावायचा नाही या अटीवर मिळाली. पाठीमागची बाजू बिनरंगाची होती. त्यावर काहीतरी कोरलेलं आहे हे बोटाला कळत होतं, डोळ्याला नाही. दुपारचं ऊन माथ्यावर, सगळं सपाट दिसतं.

यावर एक साधा उपाय आहे. हातभर आरसा न्यावा. दगडाच्या कडेला, तोंडापासून दोन-तीन हात लांब उभं राहून ऊन आरशावर घ्यायचं आणि दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर फेकायचं. खोदाई कितीही झिजलेली असो, एका कडेला सावली धरते. भाच्याने आरसा धरला, मी फोटो काढले. इंग्रजी ४ स्पष्ट आला. त्याच्या वर अक्षरांची ओळ होती, तिचं शेवटचं एक अक्षर सोडून बाकी टवके उडालेले. खडू, कोळसा, पीठ काही चोळू नये. आरशाने जे होतं ते खडूने होत नाही, आणि खडू दगडाच्या भोकांत बसून राहतो.

निघताना आजींनी सांगितलं की सासऱ्यांनी हा बैलगाडीत घालून रस्त्यावरून आणला होता, विहीर बांधली त्या वर्षी. म्हणजे दगड अस्सल, जागा खोटी. चार मैलांचा दगड असूनही चौथा मैल कुठे होता ते यावरून कळत नाही.

वहीत तीन रकाने पाडले: जागेवर, हलवलेला, संशयित. हा हलवलेला. कोणाचं नाव किंवा नेमकी जागा न लिहिता फक्त गावाचं शिवार नोंदवलं. देवस्थान आहे, उद्या कोणी उत्साही माणूस ब्रश घेऊन जायला नको.

१२ जानेवारी २०२५, रविवार

अंतर मोजायची सोय. मोटारसायकलचं मीटर शंभर मीटरपेक्षा बारीक बोलत नाही, आणि जे बोलतं तेही जास्तच सांगतं: महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशी पडताळून पाहिलं तर दहा किलोमीटरमागे तीन-साडेतीनशे मीटरची तफावत. मोबाइलवर चालत रेषा काढली तर ती झाडाखाली नाचते.

शेवटी घरातली अठ्ठावीस इंची सायकल काढली. हवा ठाकठीक भरून, टायरवर खडूची खूण करून, अंगणात दहा फेरे लोटली आणि टेपने मोजलं. एक फेरा २२२ सेंटिमीटर. मैल १६०९ मीटरचा, म्हणजे ७२५ फेरे. फर्लांगाला, म्हणजे मैलाच्या आठव्या हिश्श्याला, साधारण ९१. सायकलला लावायचं चुंबकाचं मीटर ४५० रुपयांना मिळालं, त्यात चाकाचा घेर भरता येतो. तपासायला किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये ढकलत नेली. चार मीटर कमी भरले. चालेल.

हे मोजमाप बसून करायचं नाही. माणूस बसला की टायर दबतो आणि घेर बदलतो. सायकल हाताने ढकलत न्यायची. लोक विचारतात पंक्चर झालं का.

२६ जानेवारी, रविवार

देवभान्याच्या पुढे रेषा फाटतात असा एक तुकडा होता. महामार्ग नाला सरळ ओलांडतो. जुन्या नकाशावर रस्ता आधी वरच्या अंगाला वळून, अरुंद जागी नाला पार करून परत येतो. तिथे गेलो आणि आप्पांनी सांगितलेलं एकेक जसंच्या तसं समोर आलं. आधी निंबाची रांग, मधली दोन पडलेली. मग भरावाची वाट, वेड्या बाभळीने गच्च. मग मोरी: दोन कमानी, काळा दगड, सांध्यांत चुना, खालून अजून पाणी वाहील अशी. पाऊण शतक कोणी डागडुजी केली नसेल, तरी एक दगड निसटलेला नाही.

मोरीच्या थोडं आधी, डाव्या कडेला, दगड उभा होता.

उभा म्हणजे नाल्याकडे कललेला. शेजारून पाणी वाहून ओहोळ पडलाय, त्यामुळे बुडाचा एक भाग उघडा. घडीव भाग संपून ओबडधोबड सुरू होतो ती रेघ जमिनीच्या पातळीलाच आहे, आणि भोवती गोट्यांची भर ठासलेली दिसते. दगड आणून नुसता रोवलेला असता तर ही भर नसती. तोंड जुन्या वाटेकडे, आजच्या महामार्गाकडे पाठ. जागेवर.

आरशाने वाचलं. एका तोंडावर धुळ्याचं इंग्रजी अमदानीतलं नाव, धुलिया, आणि खाली ९. दुसऱ्या तोंडावर पहिली दोन अक्षरं सोनगीरची आणि ३. नऊ आणि तीन बारा. धुळे-सोनगीर अंतर जवळपास एकोणीस-वीस किलोमीटर, म्हणजे बारा मैल. जुळलं.

फोटो चारही बाजूंनी, टेप लावून. जमिनीवर उंची ७१ सेंटिमीटर, रुंदी ३४, जाडी २०. कलण्याचा कोन मोबाइलने. मोरी ते दगड अंतर. सरळ करायचा मोह झाला, भाचा तर पहार आणायला निघाला होता. पण हलवला की तो "जागेवर" राहत नाही. ओहोळात चार मोठे धोंडे आडवे लावून पाण्याचा रोख बदलला, एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

एक दगड जागेवर मिळाला की पुढचे मोजून काढता येतात. म्हणून आज नऊपासून दहा. सायकल ढकलत महामार्गावरून ७२५ फेरे. तिथे काय, तर ढाब्याचं पार्किंग. आजूबाजूला पन्नास पावलं शोधलं. दोन तास गेले, डोक्यावर ऊन.

शेवभाजी खाताना भाच्याने विचारलं की मामा, दगड लावला तेव्हा हा सरळ रस्ता होता का? नव्हता. जुन्या वाटेने वळसा होता. परत जाऊन वळसा मोजला: जुनी वाट ४१० मीटर, आजचा सरळ तुकडा २९०. फरक १२० मीटर. म्हणजे महामार्गावर मोजून आलेल्या जागेच्या १२० मीटर अलीकडे दहावा मैल असायला हवा.

मग सगळं जुन्या वाटेने पुन्हा मोजलं. साधारण साडेचारशे फेऱ्यांवर, बाभळीच्या बुंध्याशी फूटभर उंचीचा एक छोटा दगड निघाला, त्यावर फक्त ५. पाच फर्लांग, म्हणजे ४५३ फेरे. आम्ही मोजले ४५१. हा सापडल्याचा आनंद मोठ्या दगडापेक्षा जास्त झाला. मैलाचा दगड लोक ओळखतात आणि नेतात. फर्लांगाच्या दगडाकडे कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून तो राहतो. आणि मधला एक फर्लांग जागेवर मिळाला, की दोन्हीकडची मोजणी पडताळता येते.

दहावा मैल हिशेबाने एका शेताच्या बांधावर येत होता. तिथे पऱ्हाट्यांचा ढीग. शेतमालक आले, त्यांनी टेप पाहिला आणि आवाज चढला. त्यांचं चूक नाही. महामार्गाला एकदा जमीन गेली, आता बोरविहीर-नरडाणा रेल्वेमार्गाची मोजणी चालू आहे, पलीकडे एमआयडीसी. या पट्ट्यात टेप घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे भूसंपादनवाला. समजावण्यात अर्धा तास गेला. नवव्या दगडाचे फोटो दाखवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "असा तर आमना बांधवर बी शे." पऱ्हाट्या त्यांनीच बाजूला केल्या.

डोकं फुटलेलं, आकडा निम्मा, ० शाबूत. हिशेबाच्या जागेपासून आठ मीटरवर. जुन्या साखळीने मोजलेल्या मैलात आणि आमच्या सायकलीत मिळून आठ मीटरची चूक असेल तर तक्रार नाही. बांधाची खूण म्हणून दोन्ही भाऊबंदांनी तो मान्य केलेला आहे, त्यामुळे पुढची पन्नास वर्षं तो कोणी हलवणार नाही. आग्रा रोडच्या दगडाला याहून चांगलं संरक्षण मिळणं कठीण.

यापुढे पहिल्या भेटीत टेप पिशवीत राहील. आधी पारावर बसायचं, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगायचं, जुना फोटो दाखवायचा.

२३ फेब्रुवारी, रविवार

सोनगीर. जुना रस्ता किल्ल्याच्या पायथ्याने गावातून जातो, महामार्ग बाहेरून. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमधून चालत गेलो. एका घराच्या ओट्याच्या पायरीत आडवा बसवलेला घडीव दगड, अर्धगोल डोकं भिंतीच्या आत, बाहेर आलेल्या बाजूवर एका अक्षराचा खालचा भाग. बाकी सिमेंटमध्ये. घरच्यांना माहीत होतं, "मैलाचाच आहे तो", पण कुठून आला ते नाही. संशयित नाही, हलवलेला. वाचता येत नाही, म्हणून क्रमांक नाही. बारा असावा असं फार वाटतं, पण वाटणं रकान्यात भरता येत नाही.

९ मार्च, रविवार

नरडाण्याकडे. पूर्ण दिवस वाया. दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामं, भराव. एका शेतकऱ्याने खात्रीने दाखवलेला दगड रेल्वेच्या हद्दीचा निघाला. सुरत-भुसावळ मार्ग इथूनच जातो, त्याच्या दोन्ही अंगांना असे दगड आहेत. संध्याकाळी दुसऱ्या गावाहून फोन, "मोगलांचा मैलाचा दगड आहे, घोडेस्वार कोरलाय." वीरगळ होती, लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. सुंदर होती, फोटो काढले, तिची वेगळी नोंद करायला हवी. या कामाशी संबंध नाही.

पेट्रोल ३२० रुपये.

२३ मार्च, रविवार

वाईट बातमी. सरवडच्या अलीकडे सर्व्हिस रोडच्या कडेला, गटारापाशी, मातीत गळ्यापर्यंत बुडालेला एक दगड जानेवारीत जाता जाता दिसला होता. संशयित म्हणून टिपला, लांबून एक फोटो घेतला. आज गेलो तर तिथे जेसीबीने चर मारलेला, गटाराचं काम चालू. दगड नाही. ड्रायव्हर भला माणूस, त्याने राडारोडा कुठे टाकला ते दाखवलं. डंपरने खड्ड्यात ओतलेल्या ढिगात अर्धा तुकडा मिळाला, एक बाजू तासलेली, कोरलेलं काही नाही. दुसरा अर्धा असेल तर खाली दहा फूट.

ठेकेदाराच्या माणसाला समजावलं की पुढे असा दगड दिसला तर फोन करा. तो हो म्हणाला. अशा हो-ला किती किंमत द्यायची हे रस्त्याचं काम पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. म्हणून ड्रायव्हरलाही नववा दगड मोबाइलवर दाखवून ठेवला. हात त्याचे चालतात.

नियम बदलला: संशयित दिसला की त्याच क्षणी पूर्ण नोंद. चार बाजूंचे फोटो, टेप, जीपीएसचा दहा मिनिटं थांबून घेतलेला बिंदू, रस्त्याच्या मध्यापासून अंतर, जवळच्या मोरीपासून अंतर. पंधरा मिनिटं लागतात. परत येऊ म्हणून सोडायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी नऊलाच चटके. पावसाळ्यापर्यंत मैदानातलं काम बंद.

तापीकाठी सावळद्याच्या बाजूला शेवटची फेरी मारली. नदीकडे उतरणारी जुनी वाट ओळखता येते, पण काठच्या वावरांत काही हाती लागलं नाही. पुलाच्या पोचरस्त्याच्या भरावाने बरंच गाडलेलं असणार. तिथे सळईने टोचून पाहायचा विचार होता, तो सोडला. महामार्गाच्या भरावात परवानगीशिवाय सळई खुपसणं बरं नव्हे, आणि खाली केबल असतात.

जमा: जागेवर नववा, दहावा आणि त्यांच्यामधला पाच फर्लांगाचा. हलवलेले: चौथा, आणि सोनगीरच्या पायरीतला. गेलेला: सरवडचा. बाकी मोकळं. खर्च सगळा मिळून तीन हजारांच्या आत, त्यात निम्म्याहून जास्त पेट्रोल. सायकल घरचीच.

जागेवरचे तीन ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर ऐतिहासिक मैलाचा दगड या प्रकारात टाकले, वाचलेला मजकूर आणि तारखेसह. शेंदराचा चौथा टाकला नाही. नवव्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय: वाटेवर मुरूम टाकताना दगड आणि मोरी वाचवावी. सरपंचांनी अर्ज घेतला, पोच दिली. नुसत्या नोंदीने दगडाला कायद्याचं कवच मिळत नाही. पण पुढच्या वेळी मुरमाचा ट्रॅक्टर आला तर कागद दाखवता येईल.

शिरपूरच्या पुढचा तुकडा, दहिवद, हाडाखेड, सांगवी, पळासनेर ते बिजासन घाटाचा पायथा, कोणी घेणार असेल तर घ्यावा. घाटाच्या बाजूला रस्त्याने वळणं जास्त सोडली असतील, म्हणजे आशाही जास्त. आधी जुन्या नकाशावरून सुटलेल्या वळणांची यादी करा, मगच गाडीला किक मारा. आरसा, टेप आणि चाकाचं मीटर माझ्याकडून न्या. आप्पांना भेटायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर ते पत्ते खेळायला जातात.